काम हलकं करा, हवा नको: नवख्यांच्या आणि मुरलेल्यांच्या नजरेतून तीन फ्लाइट सिम्युलेटर

फ्लाइट सिम्युलेटरची परीक्षणं बहुधा ढग, नद्या आणि रात्रीच्या शहरांच्या चित्रांवरच संपतात. इथे चित्रांबद्दल फारसं काही नाही. तपासायचं होतं ते एवढंच: कधी जॉयस्टिक हातात न धरलेला माणूस आणि टेक-ऑफआधी वजनाचा हिशेब मांडून बसणारा माणूस, या दोघांना एकच सॉफ्टवेअर विकताना बनवणाऱ्यांनी काय सोपं केलं आणि काय खोटं केलं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर (२०२० आणि २०२४ या दोन्ही आवृत्त्या), एक्स-प्लेन १२ आणि डीसीएस वर्ल्ड ही तिन्ही या एकाच कसोटीवर घासून पाहिली आहेत.

सिममधली मदत दोन जातींची असते. पहिली तुमचं काम उचलते: रेडिओवर बोलणं, उंचीप्रमाणे इंधन-हवेचं मिश्रण पातळ करणं, इंजिन सुरू करण्याच्या पायऱ्या, टॅक्सीचा, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेण्याचा, रस्ता दाखवणं. दुसरी विमानाचं वागणंच बदलते: आपोआप रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी) मारते, स्टिक सांभाळते, टेक-ऑफ आणि लँडिंगला परस्पर हात लावते. पहिल्या जातीची मदत बंद केली की एक काम वाढतं, पण आधी शिकलेलं शाबूत राहतं. दुसऱ्या जातीची बंद केली की आधी शिकलेलंच चुकीचं ठरतं, आणि हाताला लागलेली सवय मोडणं हे नवी सवय लावण्यापेक्षा कितीतरी अवघड. कंपन्या मात्र या दोन्ही जाती एकाच पानावर, एकसारख्या बटणांनी देतात. इथेच घोडं पेंड खातं.

मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या आवृत्तीत मदतीचे तीन तयार संच आहेत: सगळी मदत, मधला मार्ग आणि अगदी खऱ्यासारखं. नवखा माणूस साहजिकच पहिला निवडतो. त्या संचात रेडिओ सहवैमानिकाकडे जातो, हे छानच. पण त्याच झटक्यात रडरही जातो, आणि ते किती महागात पडतं हे एका टेक-ऑफमध्ये दिसतं.

सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर उभं करा. फ्लॅप (उचल वाढवणाऱ्या, पंखांमागच्या फळ्या) वर, ब्रेक सोडा, थ्रॉटल (इंजिनाची ताकद ठरवणारा दांडा) तीन-चार सेकंदांत सावकाश पूर्ण पुढे न्या. रडरची मदत बंद असेल तर नाक लगेच डावीकडे सरकायला लागतं. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. त्याने ढवळलेली हवा धडाभोवती पीळ घेत मागे जाते आणि उभ्या शेपटीवर डावीकडून आदळते. शेपूट उजवीकडे ढकललं जातं, म्हणून नाक डावीकडे. इंजिनाच्या पिळाची प्रतिक्रिया डाव्या चाकावर जास्त भार टाकते, ते चाक जास्त घासतं. आणि नाक उचललं की खाली येणारं उजवं पातं हवेला जास्त कोनात कापतं, त्यामुळे ओढ उजव्या बाजूला वाढते आणि नाक आणखी डावीकडे वळतं. उपाय एकच: उजवा पाय. सुरुवातीला जास्त, वेग वाढेल तसा कमी, ५५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) नाक अलगद उचललं की पुन्हा थोडा जास्त. पुढे ७४ नॉटने चढताना टर्न कोऑर्डिनेटर या वळण दाखवणाऱ्या यंत्रातला चेंडू ज्या बाजूला घरंगळेल त्या बाजूचा पाय दाबून तो मध्यात ठेवायचा.

रडरची मदत चालू असेल तर यातलं काहीच दिसत नाही. विमान सुतासारखं सरळ धावतं. महिनाभराने तोच माणूस 'आता खऱ्यासारखं उडवू' म्हणून संच बदलतो, थ्रॉटल ढकलतो आणि थेट डावीकडच्या गवतात जातो. त्याची खात्री पटते की सिममध्ये बिघाड आहे किंवा जॉयस्टिक खराब आहे. विमान डावीकडे का पळतं, हा या छंदातला सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असावा, आणि त्यातले निम्मे तरी प्रश्न या एका बटणाने जन्माला घातलेले आहेत. वास्तविक साध्या गेमपॅडवरसुद्धा मायक्रोसॉफ्टने रडर मागच्या दोन ट्रिगरवर दिलेला आहे. म्हणजे पेडल नाहीत म्हणून ही मदत हवीच, असंही नाही.

लँडिंगची गोष्ट याहून वाईट. १७२ मध्ये पहिले १० अंश फ्लॅप ११० नॉटच्या खाली, त्यापुढचे ८५ नॉटच्या खाली. अखेरच्या टप्प्यात पूर्ण फ्लॅप, ६५ नॉट. तीन अंशांच्या उतारासाठी मिनिटाला किती फूट उतरायचं, याचा सोपा हिशेब म्हणजे जमिनीवरचा वेग गुणिले ५. वारा नसेल तर ६५ नॉटला साधारण ३२५ फूट. नवखा माणूस हमखास ८० नॉटने धावपट्टीवर पोहोचतो. इतक्या वेगात विमान बसायला तयार नसतं, तरंगत राहतं. धावपट्टी संपत चालली म्हणून तो स्टिक पुढे ढकलतो, पुढचं चाक आधी टेकतं, विमान उसळतं. तो पुन्हा ढकलतो, दुसरी उसळी पहिलीपेक्षा उंच, आणि तिसऱ्या वेळी प्रोपेलर जमिनीला लागतो. यावर उतारा एकच, पहिल्याच उसळीनंतर थ्रॉटल पूर्ण, फ्लॅप २० अंशांवर, आणि पुन्हा फेरी. लँडिंगची मदत चालू असेल तर ८० नॉटनेही कसंबसं बसवून दिलं जातं, आणि वेग सांभाळायचा असतो हे कळायची संधीच निघून जाते.

मग सुरुवात कशी करावी? तयार संच वापरू नका. मदतीच्या पानावर जाऊन एकेक बटण हाताने लावा. मिश्रण आपोआप, रेडिओ सहवैमानिकाकडे, टॅक्सीची रेघ, विमानतळांच्या नावांच्या पाट्या, चेकलिस्टची मदत: हे सगळं खुशाल चालू. इंजिन सुरू करायला कंट्रोल-ई. रडर, स्टिक, टेक-ऑफ, लँडिंग यांची मदत पहिल्या दिवसापासून बंद. त्या बदल्यात हवामान सोपं करा: खरं हवामान नको, निरभ्र आकाशाचा तयार पर्याय घ्या. वारा नसणं हे खोटं नव्हे. तसे दिवस खरोखर असतात. न संपणारं इंधन हा मधला प्रकार आहे. इंधन जळत नाही म्हणजे वजन घटत नाही, पण १७२ च्या टाक्यांत वापरता येण्याजोगं इंधन ५३ गॅलन, म्हणजे सुमारे ३१८ पाउंड. अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत हा फरक जाणवत नाही. विमान मोठं आणि पल्ला लांब झाला की मात्र तेही बंद करावं.

आणि 'बी' ही कळ पहिल्या दिवशीच पाठ करा. ती उंचीमापक स्थानिक हवेच्या दाबाला जुळवते. खरं हवामान चालू केल्यावर हे राहिलं की काटा शेकडो फुटांनी चुकतो, आणि ढगात डोंगर तुम्हाला शोधत येतो.

धडे

२०२० च्या आवृत्तीत प्रकाशनाच्या वेळी आठ धडे होते, सेसना १५२ वर, अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या सेडोना विमानतळावर. जागा देखणी: लाल खडकांच्या मधोमध, सपाट माथ्याच्या टेकडीवर धावपट्टी, दोन्ही टोकांना कडा. पण ती समुद्रसपाटीपासून ४,८३० फुटांवर आहे, आणि १५२ चं इंजिन ११० अश्वशक्तीचं. त्या उंचीवर हवा विरळ, म्हणून इंजिनाचा जोर कमी, प्रोपेलरची पकड कमी, पंखांना उचल कमी. चढायचा वेग इतका मंद की शिकणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि तो नाक आणखी वर खेचतो. वेग पडतो, स्टॉलची, म्हणजे पंखांची उचल तुटत असल्याची, शिट्टी वाजते. शिवाय साधारण ३,००० फुटांच्या वर मिश्रण पातळ करायचं असतं. आपोआप मिश्रण बंद असेल तर इंजिन आणखी मरगळतं. समुद्रसपाटीजवळच्या एखाद्या लांब, कंटाळवाण्या धावपट्टीवर हेच धडे दुप्पट उपयोगी ठरले असते. देखाव्यापायी शिकवण्याचा बळी दिला, हे स्पष्ट म्हणायला हवं.

त्या आठ धड्यांचं खरं दुखणं मात्र पुढे होतं. टेक-ऑफ, वळणं, लँडिंग, थोडी दिशाशोधाची ओळख, आणि मग दार उघडून एअरबस ए३२० हे मोठं प्रवासी विमान समोर. मध्ये काही नाही. ऑटोपायलट, काचेच्या पडद्यांवरची जी१००० ही उपकरणप्रणाली, आयएलएसवर (धावपट्टीकडून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर) ढगातून उतरणं, या मधल्या पायऱ्या ज्याने त्याने बाहेर शोधाव्यात अशी व्यवस्था होती. नंतरच्या अपडेटमध्ये धड्यांची भर पडली, पण नवख्यांची गळती तोवर सुरू झालेली होती. सिम सोडून देणारे लोक सहसा अवघड आहे म्हणून सोडत नाहीत. पुढे काय करायचं हे न कळल्यामुळे सोडतात.

२०२४ आणि करिअर

१९ नोव्हेंबर २०२४ ला आलेल्या आवृत्तीने नेमकी हीच पोकळी भरायचा प्रयत्न केला, आणि कल्पना म्हणून करिअर मोड हे या सगळ्या मालिकेतलं सर्वांत शहाणं पाऊल आहे. खाजगी वैमानिकाचा परवाना, मग व्यावसायिक, मग प्रत्येक कामासाठी लागणारी वेगळी पात्रता; प्रवासी फिरवणं, सामान नेणं, शेतावर फवारणी, आग विझवणं, शोध आणि बचाव. आयएलएस शिकायचं कारण 'शिकायला हवं' हे उरत नाही; पुढचं काम मिळवायला ते लागतं. मुरलेल्याला याच मोडमध्ये विमान विकत घेऊन विमा आणि देखभाल सांभाळायला मिळते.

उड्डाणाआधी खाली उतरून विमानाभोवती फेरी मारायची सोय हा याच आवृत्तीतला दुसरा नेमका निर्णय. चाकांचे ठोकळे काढा, पिटो नळीवरचं आवरण काढा, तेल बघा. आवरण काढायचं राहिलं तर धावपट्टीवर धावताना वेगाचा काटा हलत नाही, आणि नवख्याला एका फटक्यात कळतं की वेग मोजणारं यंत्र म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजणारी एक बारीक नळी आहे. हे कुठल्याही धड्यापेक्षा चांगलं शिकवणं आहे. ज्याला नको तो फेरी न मारता थेट धावपट्टीवर उभा राहू शकतो. काम वगळता येतं, हवा तीच राहते. असं हवं.

पण अंमलबजावणीत करिअर मोड वारंवार पाय घसरून पडतो. न शिकवलेल्या गोष्टींसाठी गुण कापले जातात: अमुक ठिकाणी अमुक दिवा का लावला नाही, टॅक्सीचा वेग जास्त का. नियम बरोबर असतात, पण ते कुठे सांगितलेले असतात तर एखाद्या चेकलिस्टच्या कोपऱ्यात. आणि सुरुवातीच्या महिन्यांत कामं सिमच्याच दोषामुळे फसत आणि दंड वैमानिकाला बसे. मुरलेला माणूस शिव्या घालून पुन्हा सुरू करतो. नवख्याला दोष आपला की सिमचा हे ओळखताच येत नाही, त्यामुळे त्याचं नुकसान जास्त.

प्रकाशनाच्या दिवशी तर लोडिंगची पट्टी ९७ टक्क्यांवर अडकून बसली होती. बनवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं की २ लाख कृत्रिम वापरकर्त्यांवर चाचणी घेतलेली साठवणूक यंत्रणा प्रत्यक्ष गर्दीखाली कोलमडली. ती अडचण निस्तरली, पण तिच्यामागचा निर्णय कायम आहे: २०२० ला डिस्कवर १५० जीबी जागा लागायची, २०२४ ला ५० पुरते, कारण विमानं आणि बराच नकाशा उडतानाच इंटरनेटवरून येतो. नवख्यासाठी हे सोयीचं. दोन दिवस डाउनलोड बघत बसावं लागत नाही. मात्र लाइन किमान १० एमबीपीएस, आणि शिफारस ५० ची. त्याखाली गेलं की इमारती वितळल्यासारख्या दिसतात आणि कॉकपिटमधली अक्षरं धूसर राहतात. लाइन अशक्त असेल तर २०२० घेणंच शहाणपणाचं. ते अजून उत्तम चालतं.

दार उघडं ठेवणं

मुरलेल्यांना मायक्रोसॉफ्टने स्वतः फार काही दिलेलं नाही; त्यांनी दार उघडं ठेवलं, आणि ते पुरेसं ठरलं. २०२० मधल्या मूळ ए३२० ची यंत्रणा वरवरची होती. फ्लायबायवायर या स्वयंसेवकांच्या गटाने तेच विमान मोफत इतकं सुधारलं की बऱ्याच जणांनी मूळ विमान पुन्हा कधी उघडलंच नाही. वर्किंग टायटल हा गट जी१००० सुधारत होता. मायक्रोसॉफ्टने त्यांनाच सोबत घेतलं आणि त्यांचं काम सगळ्यांना मोफत दिलं. पैसे मोजायची तयारी असेल तर फेनिक्सचं ए३२० आणि पीएमडीजीचं ७३७ आहेच.

दार बंद केलं की काय होतं याचा दाखला याच कंपनीच्या घरात आहे. जुनी मालिका बनवणारा एसेस स्टुडिओ २००९ च्या जानेवारीत बंद झाला. २९ फेब्रुवारी २०१२ ला 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट' आलं: फुकट, सोपं, हवाईच्या बेटावर, नवख्यांवर डोळा ठेवून. बाहेरच्या लोकांना विमानं बनवायची मुभा नव्हती. विकायला ठेवलेलं पी-५१ मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान चक्क आतल्या कॉकपिटशिवाय होतं, फक्त बाहेरून बघत उडवायचं. जुलै २०१२ मध्ये त्याचं काम थांबवण्यात आलं. ते सोपं होतं म्हणून बुडालं असं म्हणतात, ते पटत नाही. त्याला वरचा मजलाच नव्हता; आज आलेल्या नवख्याला वर्षभराने मुरायला जागा ठेवलेली नव्हती.

दोघांना सांभाळताना होणारी ओढाताण २०२१ च्या जुलैमध्ये नीट दिसली. २०२० चं सिम एक्सबॉक्सवर आलं आणि त्याच अपडेटने कॉकपिटमधली बटणं पकडायची पद्धत बदलली: आधी बटण निवडायचं, ते निळं उजळतं, मग फिरवायचं. गेमपॅडसाठी हे अगदी योग्य. माउसने झपाझप काम करणाऱ्यांना मात्र ते हातात बेडी घातल्यासारखं झालं. शिवाय कॅमेरा वळवला की मागचा प्रदेश क्षणभर उशिरा उमटायला लागला, कारण स्मृती वाचवायला पडद्याबाहेरचं चित्र टाकून दिलं जात होतं. तोडगा अखेर पर्यायांतूनच आला: जुनी माउस पद्धत निवडता येते, आणि पडद्याबाहेरचं किती साठवायचं तेही ठरवता येतं. पीसीवर माउस वापरणाऱ्याने सेटिंगमधल्या परस्परसंवादाच्या पर्यायात जाऊन जुनी पद्धत लावून टाकावी.

ए३२० कडे वळणाऱ्यांना दोन गोष्टी आधी माहीत हव्यात, कारण तिथे आगीतून फुफाट्यात पडल्यासारखं होतं. पहिली, थ्रॉटलला खाचा असतात: आयडल (किमान ताकद), क्लाइंब (चढाई), फ्लेक्स (टेक-ऑफची कमी केलेली ताकद) आणि टोगा (पूर्ण ताकद). टेक-ऑफ फ्लेक्स किंवा टोगाला. ठरलेल्या उंचीवर पडद्यावर 'एलव्हीआर सीएलबी' लुकलुकतं, तेव्हा लिव्हर क्लाइंबच्या खाचेत आणून सोडायचे, आणि उतरेपर्यंत सहसा तिथेच. साध्या जॉयस्टिकच्या थ्रॉटलला खाचा नसतात. तो दोन टक्के पुढे-मागे राहिला की ऑटोथ्रस्ट (वेग आपोआप राखणारी यंत्रणा) पकडत नाही आणि वेग भरकटतो. चांगल्या ए३२० मध्ये कॉकपिटमधल्या टॅब्लेटवर खाचा जुळवायचं पान असतं. पहिल्या उड्डाणाआधी ते उरका. दुसरी गोष्ट समोरच्या काचेखालच्या पॅनेलवरचे गोल नॉब: आत दाबला की संगणक ठरवतो, बाहेर ओढला की तुम्ही ठरवता. दिशा बदलायला नॉब नुसता फिरवून वाट बघणारे खूप. ओढल्याशिवाय काहीही होत नाही. उतरताना विमान 'रिटार्ड' म्हणतं तेव्हा लिव्हर आयडलला आणायचे असतात. ते न केल्याने इंजिन वेग राखत राहतं आणि अर्धी धावपट्टी हवेतच संपते.

एक्स-प्लेन १२

ऑस्टिन मेयर यांच्या लॅमिनार रिसर्चचं हे सिम पंख आणि पात्यांचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरचं बल सेकंदाला अनेकदा मोजतं. हवेच्या बाबतीत ते नवख्याशीही खोटं बोलत नाही. सोबत येणारी विमानं, विशेषतः सेसना १७२ आणि ए३३०, विकत घेतल्यासारख्या दर्जाची आहेत. बिघाडांचं पान तर मुरलेल्यांसाठी मेजवानी: एकेका यंत्रणेला कधी आणि कसं बिघडायचं हे ठरवता येतं. मॅक आणि लिनक्सवरही चालतं, आणि आधी बघायला मोफत डेमो आहे.

नवख्याचं स्वागत मात्र थंड. १७२ वरचे मोजके धडे, आणि मग जग तुमचं. उपग्रहचित्रं नाहीत, त्यामुळे आपलं घर शोधायला आलेला माणूस हिरमुसतो. ऑर्थो४एक्सपी या मोफत साधनाने ती भरता येतात, पण तो खटाटोप नवख्याच्या आवाक्यातला नाही. इथेही हवा बदलणारी मदत आहे, फक्त लपून: जॉयस्टिकच्या पानावरच्या संवेदनशीलतेच्या बटणामागे दोन प्रकारचे सरकते पट्टे सापडतात. एक स्टिकच्या हालचालीचा वक्र ठरवतो, तो हवा तसा ठेवा. दुसरा स्थैर्य वाढवणारा. तो तुमच्या नकळत विमान सरळ करत राहतो. तो तिन्ही अक्षांवर शून्य करा, नाहीतर विमान जड आणि हट्टी वाटतं आणि दोष हवेच्या गणिताला दिला जातो.

डीसीएस

लढाऊ विमानांचं हे सिम सर्वांत अवघड म्हणून ओळखलं जातं, आणि गंमत म्हणजे मदतीच्या दोन जातींतला फरक सर्वांत स्वच्छ यांनाच समजलेला आहे. फ्लेमिंग क्लिफ्स या संचातली एफ-१५सी आणि एसयू-२७ घ्या: कॉकपिटमधली बटणं दाबता येत नाहीत, रडार आणि शस्त्रं थोड्या कळांवर चालतात, पण उडणं पूर्ण गंभीर आहे. दुसऱ्या टोकाला ए-१०सी, जिथे प्रत्येक बटण जिवंत आणि माहितीपुस्तिका शेकडो पानांची. एकातून दुसऱ्यात गेलं तर उडवण्यातलं काही विसरावं लागत नाही. मूळ सिमसोबत एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी ही विमानं फुकट मिळतात.

या दोन्हींत सुरुवात एसयू-२५टी पासून करा. टीएफ-५१, म्हणजे मस्टँगची दोन आसनी आवृत्ती, दिसायला साधं, पण नाकात जवळपास १,५०० अश्वशक्ती आणि खाली शेपटीचं चाक. ते चाक स्टिक मागे ओढलेली असेपर्यंत जखडलेलं राहतं; स्टिक पूर्ण पुढे गेली की सुटतं. नवखा माणूस समोरचं दिसावं म्हणून शेपूट लवकर उचलायला स्टिक पुढे ढकलतो, चाक सुटतं, आणि पूर्ण ताकदीवर विमान गर्रकन डावीकडे फिरतं. रडर ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवणारी जुळणी) आधी ५-६ अंश उजवीकडे, स्टिक पोटाशी, ताकद हळूहळू, आणि रडरची पकड आल्यावरच शेपूट सैल. सेसनात उजव्या पायाची सवय झालेल्याला हे दोन-चार प्रयत्नांत जमतं. आपोआप रडरवर वाढलेल्याला नाही.

हातातली वस्तू

टेबलावरची जॉयस्टिक खऱ्या योकपेक्षा (विमानाच्या सुकाणूपेक्षा) फार थोडी हलते, म्हणून तेवढ्याच परिणामाला बोटभर हालचाल पुरते आणि विमान नाचरं वाटतं. मायक्रोसॉफ्टमध्ये संवेदनशीलता दोन्ही बाजूंना उणे ४० ते ५० टक्क्यांवर आणली की मधला भाग सौम्य होतो. मृत क्षेत्र (मध्यातला, हालचाल न धरणारा भाग) २-३ टक्के पुरे. जास्त ठेवलं तर लँडिंगच्या बारीक दुरुस्त्या गिळल्या जातात. पहिली जॉयस्टिक घेताना पिळून रडर देणारी घ्या, वेगळे पेडल नंतर. स्वस्त स्टिकमधले पोटेन्शिओमीटर धुळीने झिजतात आणि विमान मध्येच झटका देतं, टी.१६०००एम सारख्या चुंबकीय सेन्सरवाल्या स्टिकच्या मुख्य अक्षांवर हा त्रास नसतो. २०२४ मध्ये प्रत्येक विमानाला वेगळी जुळणी ठेवता येते, हेलिकॉप्टर आणि ग्लायडर दोन्ही उडवणाऱ्यांना याची किंमत कळेल.

ट्रिमची, म्हणजे स्टिक धरून न ठेवता नाक तिथेच राहावं यासाठीच्या जुळणीची, एक गोष्ट कोणतंही सिम नीट सांगत नाही. खऱ्या विमानात दाब हाताला जाणवतो, स्प्रिंगच्या स्टिकला तो कळत नाही. म्हणून आधी स्टिकने नाक हवं तिथे धरा, मग ट्रिम थोडं थोडं देत स्टिक मध्यावर सैल सोडत या. ट्रिमनेच विमान वर-खाली करायला गेलं की नाक कायम मागे-पुढे डुलत राहतं. मायक्रोसॉफ्टमध्ये नंबर पॅडवरचा ७ नाक खाली आणि १ नाक वर. हे स्टिकवरच्या बटणांना जोडून टाका.

चित्र अडखळत असेल तर ग्राफिक्स कार्डाआधी डेव्हलपर मोडमधला आकडा बघा. 'मेनथ्रेड' लिहून आलं तर प्रोसेसर दमलाय, आणि ग्राफिक्स कार्डावर भार टाकणारे पर्याय कमी करून काही हाती लागणार नाही, प्रोसेसरचं ओझं उतरवा: जमिनीच्या तपशिलाचा पट्टा २०० वरून १०० वर, विमानतळावरची गर्दी निम्मी, काचेच्या पडद्यांचा ताजेपणा मध्यम. फ्रेम (सेकंदाला उमटणारी चित्रं) ५५ वरून २५ वर हेलकावे खात असतील तर ३० वर बांधून टाका. स्थिर ३० ला लँडिंग जमतं. हेलकाव्यांत डोळ्यांना उशिरा कळतं, हात जास्त हलतो, दुरुस्तीची दुरुस्ती सुरू होते. नवख्याने पहिले काही दिवस मोठ्या शहरापासून लांबच्या छोट्या विमानतळावरून उडावं. तिथे मध्यम संगणकही दमत नाही आणि खाली बघायला गर्दी नसल्याने वेगाच्या काट्याकडे लक्ष राहतं.